दीड मिलिमीटरचा प्रश्न

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो होतो. मावशीकडे सगळे जेवायला जमलो असताना माझ्या चिरंजीवांनी बॉम्ब टाकला. "आमचे बाबा धनुष्यबाणाने हरणं मारतात," असे त्याने पंगतीतल्या अकरा माणसांना अभिमानाने सांगितले. आमटी वाढणारा डाव हवेतच थांबला.

पुढचा अर्धा तास माझी उलटतपासणी झाली. मावसभाऊ म्हणाला, "इथे असतास तर आत असतास." (बरोबर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषय संपला, आणि तो संपला हे चांगलेच झाले.) वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडे दुकानात मटण मिळत नाही का?" काकांनी दुष्यंतापासून सुरुवात केली आणि पंडूपर्यंत येऊन थांबले. मावशी तेवढी काही बोलली नाही. ती बोलली शेवटी, हात धुताना, एकच वाक्य. ते मीही शेवटीच सांगतो.

मंडळी, शिकार करावी की करू नये यावर वाद घालायला मला आवडते, पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय त्याच्या अलीकडचा आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. ना पुण्यात, ना इथे मिशिगनमध्ये. माझे म्हणणे असे, की धनुष्याने शिकार करणाऱ्या माणसाची नीतिमत्ता जंगलात ठरत नाही. ती महिनाभर आधी, गॅरेजमध्ये, पान्याच्या टोकावर ठरते. ज्याने आपले धनुष्य नीट लावलेले नाही, त्याला जनावरावर बाण सोडायचा अधिकार नाही. परवाना खिशात असला तरी नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर तुम्हाला मी नुसताच रानटी वाटेन.

मिशिगनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे वीस लाख आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत मिळून ती काही लाखांवर आली होती, कारण तेव्हा बाजारात विकण्यासाठी बेसुमार मारली जात. मग कायदे आले, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ साली एक कायदा झाला आणि शिकारी बंदुका व काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला जाऊ लागला. सत्तरच्या दशकात त्यात धनुष्येही आली. म्हणजे माझ्या धनुष्याच्या किमतीतला काही हिस्सा हरणांच्याच खात्यात गेला आहे. आज अडचण उलटी आहे. लांडगे फक्त उत्तरेकडच्या द्वीपकल्पात उरलेत, आमच्याकडे दक्षिणेत हरणांना आवरणारे फार कोणी नाही, आणि राज्यात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त गाड्या हरणांवर आदळतात. आमच्या गल्लीत बंपर न बदललेले घर शोधावे लागेल.

१ ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा. त्या १५ तारखेला ऑफिसात मीटिंग ठेवणारा मॅनेजर नवा तरी असतो किंवा कॅलिफोर्नियाचा तरी. आमच्या टूलरूममध्ये एक म्हातारा मशिनिस्ट होता, आता निवृत्त झाला. त्याने मला या नादाला लावले. त्याचे नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. आपण त्याला आजोबा म्हणू.

आता धनुष्याविषयी. तुमच्या डोळ्यासमोर रामाचे चित्र असेल तर ते बाजूला ठेवा. मी बोलतोय ते कंपाउंड धनुष्य, ज्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. सातारच्या आदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले ते याच धनुष्याने, आणि त्याच स्पर्धेत पुरुषांचे सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेने घेतले. तेव्हा हा प्रकार अगदीच परका राहिलेला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही याची मिश्र सांघिक स्पर्धा असणार आहे.

हे यंत्र मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन नावाच्या माणसाने शोधले. १९६६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळाले. कल्पना साधी आणि सुंदर आहे. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे ओढावी तितका जोर वाढत जातो, आणि नेम धरायच्या नेमक्या क्षणी हात सर्वांत जास्त थरथरतात. अॅलनने टोकांना विकेंद्री चाके बसवली. दोरी अर्ध्यावर येईपर्यंत जोर वाढतो आणि पुढे चाक फिरले की एकदम कमी होतो. माझे धनुष्य ६० पौंडांचे आहे, म्हणजे ओढताना २७ किलोचा जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर हातावर जेमतेम साडेपाच किलो उरतात. बाकीची ऊर्जा धनुष्याच्या दोन भुजांमध्ये साठून राहते. (या भुजांना इथे 'लिंब' म्हणतात. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला कडुलिंबच आठवला होता.)

या सोयीची किंमत अशी, की आता तुमच्या हातात काठी आणि दोरी नाही, तर मशीन आहे. दोन कॅम, एक दोरी, दोन केबल, बाण टेकवायचा रेस्ट, दोरीतले डोकवायचे छिद्र, नेमाच्या पिना. मशीन म्हटले की अलाइनमेंट आले, झीज आली, दोरीचे ताणणे आले. साध्या धनुष्याची चूक बहुतेक माणसाची असते. इथे माणूस बरोबर असूनही यंत्र चुकू शकते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते चुकते आहे हे कळत नाही.

का कळत नाही ते सांगतो. सगळ्या लेखाची मेख इथे आहे.

बाण दिसतो सरळ, पण सुटताना तो मासळीसारखा वळवळतो. मागून एवढा जोर एकदम आल्यावर कोणतीही बारीक काठी वाकणारच. किती वाकेल याला स्पाइन म्हणतात आणि ते मोजायची रीत ठरलेली आहे. बाणाची नळी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायची, मध्ये ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि ती किती इंच लवते ते बघायचे. ०.४०० इंच लवली, तर त्या बाणाचा आकडा ४००. आकडा जितका लहान तितका बाण ताठ. बाण कापून आखूड केला की तो जास्त ताठ वागतो, टोकाला वजन वाढवले की जास्त लवचीक वागतो. म्हणजे दुकानातून 'चांगले' बाण आणले, असे काही नसते. तुमच्या धनुष्याला, तुमच्या हाताच्या लांबीला आणि तुमच्या टोकाला चांगले, असे असते. स्थळ बघताना पत्रिका जुळवतात तसेच, फक्त इथे ती खरोखर जुळावी लागते.

सुटल्यावर बाणाची वळवळ मागची पिसे आवरतात, कारण त्यांचा हवेतला विरोध शेपूट मागे खेचून धरतो. बॅडमिंटनच्या फुलाचे बूच नेहमी पुढे राहते, त्याचे हेच कारण. सरावाच्या बाणाला गोळीसारखे टोक असते, त्याला हवेत काही काम नसते. त्यामुळे बाण थोडा तिरपा सुटला तरी पिसे त्याला वीस यार्डांत सरळ करतात आणि तो बरोबर मधल्या ठिपक्यात जाऊन बसतो. तुम्ही खूश.

पण हरणावर ते टोक चालत नाही. तिथे ब्रॉडहेड लागतो, म्हणजे रुंद धारदार पाती असलेले टोक. मिशिगनच्या नियमाप्रमाणे ते किमान ७/८ इंच रुंद असावे लागते. ते रुंद असण्याचे कारण दयेचे आहे. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो. फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळते. पण ही पाती म्हणजे बाणाच्या पुढच्या टोकाला लावलेले छोटे पंखच. आता पुढेही पंख आणि मागेही पंख. बाण सरळ सुटला तर दोघांचे जमते. किंचित तिरपा सुटला तर पुढचे पंख सुकाणू हातात घेतात आणि बाण भलतीकडे नेतात. म्हणजे सरावाचे टोक धनुष्याचा दोष झाकते आणि शिकारीचे टोक तो उघड करते. उघड कधी करते? समोर हरीण असताना.

माझ्या दुसऱ्या हंगामात नेमके हेच झाले.

सप्टेंबरभर मी रोज संध्याकाळी मागच्या अंगणात सराव केला होता. तीस यार्डांवरून सहाच्या सहा बाण बशीएवढ्या जागेत. ब्रॉडहेडचे पाकीट आणले, त्यावर छापले होते की हे सरावाच्या टोकासारखेच उडतात. वजन तेच, १०० ग्रेन. दुकानातला पोरगाही म्हणाला, "तेच वजन आहे, काळजी नको." मलाही ते हवेच होते, कारण ब्रॉडहेड सरावात मारला की धार जाते, लक्ष्याचा फोम फाटतो, आणि चार टोकांचे पाकीट काही स्वस्त नव्हते. यंत्र अभियंता म्हणून वीस वर्षे 'चाचणी न करता माल पाठवू नका' असे लोकांना ऐकवणाऱ्या मी स्वतःचा माल चाचणी न करता पाठवला.

ऑक्टोबर अखेरची संध्याकाळ. ओकच्या झाडावरच्या मचाणावर बसलो होतो. एक मादी आली, पंचवीस यार्डांवर आडवी उभी राहिली, तोंड उजवीकडे. वारा नव्हता, घाई नव्हती, हात थरथरला नाही. पिन खांद्यामागे ठेवली आणि बाण सोडला. तो जाताना मला दिसला. शेपूट हलवत गेला. डावीकडे गेला, म्हणजे मागे, पोटाकडे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगण्यात अर्थ नाही. पोटात बाण लागलेले हरीण लगेच मरत नाही. त्याच्या मागे लगेच धावायचेही नसते. धावलात तर ते मैलभर पळते. आठ-दहा तास थांबायचे, म्हणजे ते जवळच कुठेतरी बसते. मी थांबलो. रात्री दीडला पाऊस आला. अंथरुणात पडून पत्र्यावरचा तो आवाज ऐकत होतो आणि एकेक थेंब जमिनीवरचा माग धुऊन काढतोय हे कळत होते. पहाटे आजोबांना फोन केला. ते काही न बोलता आले. आम्ही दोन दिवस गुडघ्यांवर बसून, पाने उलटीपालटी करून शोधले. सापडले नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी मला माझेच धनुष्य घेऊन अंगणात उभे केले. तीस यार्डांवर आधी सरावाचा बाण मारायला लावला. मध्यावर. मग ब्रॉडहेडचा. सहा इंच डावीकडे आणि दोन इंच खाली. पुन्हा मारला. तिथेच. तिसरा मारला, तोही तिथेच. आजोबा म्हणाले, "बघ, तू चुकला नव्हतास. तू बघितलं नव्हतंस." हे वाक्य शिवीपेक्षा वाईट लागले. अजून लागते.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्या गॅरेजमध्ये धनुष्य लावायला शिकलो. सगळी पद्धत इथे लिहीत नाही, पण क्रम सांगतो, कारण क्रमातच शहाणपण आहे.

सर्वांत आधी माणूस. धनुष्य मुठीत आवळून धरले की ते सुटताना पिळते, आणि मग तुम्ही आपल्या मनगटाचा दोष यंत्रात दुरुस्त करत बसता. हात सैल, बोटे मोकळी. हे जमेपर्यंत आजोबांनी मला पान्याला हात लावू दिला नाही.

मग कॅम. दोन्ही चाके एकाच वेळी शेवटाला पोचली पाहिजेत. नव्या दोऱ्या ताणतात, आणि एक केबल दुसरीपेक्षा जास्त ताणली गेली की एक चाक मागे राहते. सायकलवाल्याकडे चाकाचा आउट काढताना बघितले असेल, एक तार अर्धा वळसा कस, दुसरी अर्धा वळसा सोड. तेच काम, फक्त इथे आधी धनुष्य प्रेसमध्ये दाबून दोरीचा ताण काढावा लागतो. प्रेस नसेल तर हे घरी करायचे नाही. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही. बाणात जायची सगळी ऊर्जा भुजांत उलटी जाते आणि धनुष्य हातातच फुटू शकते.

मग कागद. एका चौकटीत वर्तमानपत्र ताणून बसवायचे, दोनेक मीटरवरून त्यातून बाण मारायचा आणि भोक बघायचे. गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा दिसल्या, तर बाण सरळ गेला. पिसांची चीर टोकाच्या भोकाच्या वर दिसली, तर शेपूट वर होते, मग रेस्ट केसभर वर घ्या किंवा दोरीवरची बाण अडकवायची जागा खाली आणा. एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. दोन स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला आजोबा गॅरेजबाहेर काढत.

आणि शेवटी खरी परीक्षा. सरावाचा बाण आणि ब्रॉडहेडचा बाण, वीस यार्डांवर, मग तीस, मग चाळीस. ब्रॉडहेड डावीकडे जात असेल तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी १/३२ इंच. पुन्हा मारा. दोन्ही टोके एकाच जागी लागेपर्यंत.

माझ्या धनुष्याचे कॅम जुळवल्यावर खालचे दोन इंच गेले. उरलेल्या सहा इंचांसाठी रेस्ट दोनदा सरकवावा लागला. दोनदा १/३२ म्हणजे १/१६ इंच. १.६ मिलिमीटर, दीडच धरा. एक अॅलन पाना, दहा मिनिटे. त्या मादीच्या आणि माझ्यामध्ये तेवढेच अंतर होते.

आता मतप्रदर्शन. इथपर्यंत वाचलेत तर तेही ऐका.

पहिला राग दुकानांवर आहे, आणि त्यांच्याकडून जे विकत घ्यायला आपण रांग लावतो त्यावर. दर वर्षी नवे धनुष्य येते आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो, वेग. तो मोजतात ७० पौंडांच्या धनुष्यावर, ३० इंच ओढून, ३५० ग्रेनचा हलका बाण लावून. माझ्यासारख्या आखूड हातांच्या देशी माणसाला तो वेग जन्मात मिळणार नाही. मिळाला तरी काय करायचा? माझा ४३० ग्रेनचा बाण सेकंदाला ७९ मीटरने जातो. पंचवीस यार्डांना त्याला ०.२९ सेकंद लागतात. धनुष्याचा आवाज हरणापर्यंत ०.०७ सेकंदात पोचतो. उरलेल्या ०.२२ सेकंदात हरीण दचकून खाली बसू शकते. वेग दहा टक्क्यांनी वाढवला तरी तुम्ही आवाजाला हरवू शकत नाही. उलट बाण हलका केला की धनुष्य जास्त खणखणते आणि तिरपेपणाला ब्रॉडहेड आणखी जोरात साथ देतो. जड बाण, शांत धनुष्य, सरळ उड्डाण आणि कमी अंतर, हा साधा हिशेब आहे. पण 'शांत आणि सरळ' असे लिहून हजार डॉलरची वस्तू खपत नाही.

दुसरे गाऱ्हाणे नियमांवर. मिशिगनमध्ये परवान्यासाठी सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो आणि तो चांगला असतो. पण तुझे धनुष्य ब्रॉडहेड सरळ मारते का, हे दाखव, असे कोणीही विचारत नाही. डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायची तर नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ब्रिटन आणि जर्मनीत तर धनुष्याने शिकारीला बंदीच आहे. बंदीच्या बाजूचा मुख्य मुद्दा जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांचा असतो, आणि माझ्यासारख्याने त्यावर तोंड वर करून बोलू नये. पण मला वाटते, बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये एक साधी गोष्ट बसते. हंगामाआधी, अधिकाऱ्यासमोर, ज्या बाणाने शिकार करणार त्याच बाणाचे तीन नेम, वीस यार्डांवर, बशीएवढ्या जागेत. जमले तर परवाना, नाही तर पुढच्या शनिवारी या. ड्रायव्हिंगची परीक्षा घेतोच ना आपण?

यावर इथले मित्र म्हणतात, "बंदूक घे, कटकट संपेल." मुद्दा खरा आहे, बंदूक जास्त क्षमाशील आहे. पण आमच्या भागात घरे दाट आहेत. उंचावरून जवळच्या अंतरावर मारलेला बाण जमिनीत रुतून थांबतो, गोळी कुठे थांबेल सांगता येत नाही. आणि खरे सांगू? जवळ जावे लागते, म्हणूनच मला धनुष्य हवे. हरीण वीस यार्डांवर येते तेव्हा त्याच्या पापण्या दिसतात. ते दिसल्यावर बाण सोडणे सोपे जात नाही, आणि ते सोपे जाऊ नये.

दुसरा आक्षेप असा, की पूर्वीचे लोक कुठे कागदातून बाण मारत बसायचे? या प्रश्नाला इशीची गोष्ट हे उत्तर आहे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ साली ओरोव्हिल गावाजवळ एकटा, उपाशी सापडला. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरशी त्याची मैत्री झाली आणि १९१६ मध्ये क्षयाने जाईपर्यंत तो पोपना धनुर्विद्या शिकवत होता. पोपनी १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतल्या आजच्या धनुष्य-शिकारीचे मूळ तिथे आहे. इशी लांबून नेम धरत नसे. तो दबा धरून बसायचा, जनावराचे आवाज काढून त्याला जवळ बोलवायचा. काठीतून बाण स्वतः घडवणाऱ्याला कोणता सरळ जातो हे पाठ असते. मोजमाप त्याच्या हातांत होते. आपण ते दुकानाला विकून टाकले आणि चाळीस यार्ड विकत आणले.

आणि तिसरा आक्षेप मीच माझ्यावर घेतो. धनुष्य उत्तम लागले की माणसाला वाटते, आता काहीही मारता येईल. इथे आपल्याकडची जुनी गोष्ट आठवते. दशरथाचे धनुष्य बिघडलेले नव्हते. नुसत्या आवाजावर बाण मारायची विद्या त्याला होती, आणि ती अचूक होती. पाण्याचा आवाज आला, बाण सुटला आणि घड्यापाशी श्रावण पडला. नेम शंभर टक्के बरोबर, बघणे शून्य. लहानपणी या गोष्टीत मला श्रावणाचे वाईट वाटायचे. आता दशरथाची भीती वाटते. धनुष्य लावणे ही पहिली पायरी आहे, परवानगी नव्हे. अंधार पडू लागला, फांदी मध्ये आली, जनावर चालते आहे, अंतर पस्तीसच्या पुढे आहे, तर बाण परत भात्यात.

गेल्या हंगामात मी नऊ संध्याकाळी मचाणावर बसलो. दोनदा दोरी ओढली आणि दोन्ही वेळा परत सोडली, हळूच, बाण धरून. फ्रीझर रिकामा राहिला. टूलरूममधल्या पोरांनी टिंगल केली. आजोबांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "चांगला हंगाम झाला म्हणायचा." माझ्या वर्कबेंचवर एका खिळ्याला त्या जुन्या पाकिटातला उरलेला एक ब्रॉडहेड टांगलेला आहे. शोपीस म्हणून नाही. पाना हातात घेताना तो डोळ्यांपुढे असावा म्हणून.

असो. मावशीचे राहिले.

पंगत उठली, वाद दमून झोपले. मी बेसिनपाशी हात धुत होतो. मावशी टॉवेल घेऊन उभी होती. गेली साठ वर्षे शुद्ध शाकाहारी, मुंगीलाही फुंकर घालून बाजूला करणारी बाई. मला वाटले आता बोलणी बसणार. ती म्हणाली, "हे कर नि ते करू नको, मला काय कळतंय त्यातलं. एवढंच सांग रे, ज्याला मारलंस ते लगेच जातं ना? तळमळत नाही ना राहात?"

अकरा माणसांत नेमका प्रश्न तिने विचारला. मी म्हणालो, "एकदा राहिलं, मावशी."

ती काही बोलली नाही. टॉवेल दिला आणि आत गेली.

परवा सप्टेंबर लागला. कागद चौकटीवर ताणून ठेवला आहे. उद्या सकाळी पहिले भोक.